फलकावर बाबासाहेब, खिडकीवर फी

जून जवळ आला की यवतमाळच्या दत्त चौकापासून आर्णी रोडपर्यंत एकच पीक जोमात येतं. शाळा-महाविद्यालयांच्या फ्लेक्सचं. 'प्रवेश सुरू', 'निकाल 100 टक्के', 'नॅक मानांकित', 'अनुभवी प्राध्यापकवृंद'. कोपऱ्यात संस्थाध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. वर डावीकडे फुले, शाहू, आंबेडकर. आणि अगदी तळाशी, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरात एक ओळ : 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शासन नियमानुसार सवलत'.

आजचा लेख त्या तळाच्या ओळीबद्दल आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. बाभूळगाव तालुक्यातल्या एका गावातून एक बाप मुलीला घेऊन शहरातल्या एका महाविद्यालयात आला होता. मुलगी बारावी विज्ञान, घरातली पहिली. प्रवेश यादीत नाव लागलेलं. खिडकीवरच्या बाबूने सांगितलं, अर्धी फी आज भरा, स्कॉलरशिप आली की परत मिळेल. बापाच्या खिशात एसटीचं परतीचं भाडं आणि वर थोडेफार पैसे. आम्ही दुसऱ्या एका मुलाच्या कामासाठी तिथे गेलो होतो. तो बाप आमच्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, बोर्डावर त बाबासायबाचा फोटो हाय, अन् खिडकीवर पयले पैसे मांगून रायले."

आम्ही बाबूला एवढंच म्हटलं, फी आगाऊ मागताय हे कागदावर लिहून द्या. लिहून मिळालं नाही. मुलीचा प्रवेश मात्र तासाभरात झाला. समाजकल्याण कार्यालयाचं शिष्यवृत्तीचं परिपत्रक त्याच खिडकीमागच्या कपाटात, फाइलमध्ये लावलेलं होतं. बाबूनेच ते काढून दाखवलं. म्हणजे माहिती संस्थेकडे होती, फक्त ती खिडकीच्या आतल्या बाजूला होती. त्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत आणखी दोघं जण फीचा आकडा ऐकून परत गेले. आम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर ते बसस्टँडकडे निघून गेले होते. ते पुढे कुठे शिकले, शिकले की नाही, आम्हाला माहीत नाही.

मित्रहो, यालाच आम्ही शिक्षणसंस्थांच्या जनसंपर्काचा प्रश्न म्हणतो. 'पब्लिक रिलेशन्स' म्हटलं की आपल्या पोरांना तो कॉर्पोरेट कंपन्यांचा विषय वाटतो. पण आता प्रत्येक विद्यापीठात जनसंपर्क अधिकारी आहे, प्रत्येक महाविद्यालयात प्रसिद्धी समिती आहे, आणि गल्लीतल्या कॉन्व्हेंटचंही इन्स्टाग्राम पान आहे. संस्था बोलते आहे, रोज बोलते आहे. प्रश्न हा आहे की ती कोणाशी बोलते आणि कोणती गोष्ट बोलायची टाळते.

संस्था काय बोलते?

आधी बोलण्याकडे पाहू. '100 टक्के निकाल' हा आकडा घ्या. नववीतच कच्ची पोरं गाळली, किंवा त्यांना 'तू बाहेरून 17 नंबरचा फॉर्म भर' असं सांगितलं, की दहावीचा निकाल आपोआप चढतो. मजुराचं पोर, ज्याच्या घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, ते या गाळणीत आधी पडतं. निकालाचा फ्लेक्स लागतो तेव्हा त्यावर या पोरांची संख्या नसते. आठवीत वर्गात किती होते आणि दहावीच्या परीक्षेला शाळेतून किती बसले, हे दोन आकडे शेजारी छापायला एकही शाळा तयार होत नाही.

शिकवणी वर्गांची तर वेगळीच तऱ्हा. एकाच टॉपरचा फोटो तीन क्लासच्या फलकावर. शेवटी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. निकाल लागल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरायचं नाही आणि त्याने नेमका कोणता कोर्स घेतला होता ते सांगायचं, असं त्यात आहे. ग्राहकाला हे संरक्षण मिळालं, चांगलं झालं. पण शिक्षण ही खरेदीची वस्तू आणि आपलं लेकरू गिऱ्हाईक, हे आपण कधी मान्य केलं?

मग नॅक. मानांकन वाईट नाही, संस्थेचा हिशेब कोणीतरी घ्यायलाच हवा. पण प्रत्यक्षात काय होतं ते आपल्यापैकी जे महाविद्यालयात शिकवतात त्यांना विचारा. कार्यक्रम होतो, जिओटॅग फोटो निघतो, अहवालाला जोडला जातो. 6 डिसेंबर असो, संविधान दिन असो, बॅनर आणि फोटो झाला की सभागृह रिकामं. फेब्रुवारी 2025 मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खासगी अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्याच लोकांना अटक केली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. आपण एवढं लक्षात ठेवू की फलकावरच्या 'ए प्लस प्लस' या अक्षरांचाही बाजार मांडला जाऊ शकतो.

सरकारही या खेळात मागे नाही. डिसेंबर 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरातल्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना आवारात 'सेल्फी पॉइंट' उभारायला सांगितलं. देशाची प्रगती मुलांना कळावी म्हणून. आमचा साधा सवाल आहे : प्रगती कळावी म्हणून एक सेल्फी पॉइंट उभा राहू शकतो, तर शिष्यवृत्ती कळावी म्हणून एक फळा का उभा राहत नाही?

पोरं शोधणारे आणि पोरं दाखवणारे

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात आणखी एक दृश्य दिसतं. रणरणत्या उन्हात खासगी अनुदानित शाळांचे गुरुजी मोटारसायकलवर गावोगाव फिरतात. पोरगा द्या, सायकल देतो, दप्तर देतो, ऑटोचं भाडं आम्ही भरतो. कारण पट घसरला तर संचमान्यतेत पद जातं आणि गुरुजी अतिरिक्त ठरतात. या शिक्षकांवर आमचा राग नाही, तेही नोकरी वाचवत आहेत. पण या सगळ्यात आपल्या वस्तीतलं पोर म्हणजे पटावरचा एक आकडा होऊन बसतं. जूनमध्ये दारात आलेली शाळा ऑगस्टमध्ये ते पोर कापूस निंदायला गेलं तर विचारायला येत नाही.

हा आकड्यांचा खेळ कुठपर्यंत जातो ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचं समोर आलं. नंतर गडचिरोलीतून शिष्यवृत्ती घोटाळा बाहेर आला. दलित-आदिवासी मुलांची नावं, त्यांचे जातीचे दाखले, प्रवेश कागदावर, आणि शिष्यवृत्ती संस्थेच्या घशात. 2016 मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. म्हणजे ज्यांना आपल्यापर्यंत पोहोचायचं होतं ते पाड्यापाड्यावर, तांड्यातांड्यावर बरोबर पोहोचले. 'ग्रामीण भागात माहिती पोहोचत नाही' ही सबब तेव्हाच खोटी ठरली. फायदा असेल तर माहिती घाट चढून झरी-जामणीपर्यंत जाते.

संस्था काय बोलत नाही?

आता न बोलण्याकडे येऊ.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्यासाठी फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. आगाऊ फी न घेता प्रवेश मिळावा, हाच तिचा हेतू. केंद्राच्या हिश्शाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि आल्यावर त्याने ते संस्थेला भरायचे. हे किती महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे? महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम संपत नाही, तो महाविद्यालयाच्या लॉगिनला तपासून पुढे जावा लागतो, खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. हे पोराला कोण सांगतं? 'तुझा अर्ज कॉलेज लॉगिनला पेंडिंग आहे' हे त्याला फेब्रुवारीत कळतं, तेही सेतू केंद्रावाल्याकडून.

स्वाधार योजनेचं तेच. वसतिगृहात नंबर न लागलेल्या मुलाला खोली करून राहण्यासाठी पैसे देणारी ही योजना 2016-17 पासून सुरू आहे. यवतमाळमध्ये खोली करून राहणाऱ्या किती पोरांना प्रवेशाच्या दिवशी तिचं नाव सांगितलं गेलं?

8 जुलै 2024 चा शासन निर्णय आठवा. 'मुलींना उच्च शिक्षण मोफत' अशा जाहिराती सगळीकडे झळकल्या. प्रत्यक्षात तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना होता, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून येणाऱ्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना होता. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना त्यांची आधीची वेगळी योजना. जाहिरातीने 'सगळं मोफत' सांगितलं, अटी कोणी समजावल्या नाहीत, आणि साधं बी.ए.ला गेलेल्या मुलीला खिडकीवर लाजून परत यावं लागलं. अर्धवट माहितीचा भार नेहमी ज्याच्याकडे ती कमी आहे त्याच्यावरच पडतो.

शाळेच्या पातळीवर आरटीईच्या 25 टक्के जागा आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या पालकांना यात उत्पन्नाची अट नाही, हे आपल्याच वस्तीतल्या किती जणांना ठाऊक आहे? फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळं केलं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. ही लढाई न्यायालयात जिंकली गेली. पण त्या खासगी शाळांनी आपल्या चकचकीत फलकावर 'आमच्याकडे 25 टक्के राखीव जागा आहेत' असं लिहिलेलं आम्ही तरी अजून पाहिलेलं नाही.

आणि सर्वांत मोठं मौन जातिभेदाबद्दलचं. 2012 च्या यूजीसी विनियमांप्रमाणे प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी असायला हवा. तुमच्या महाविद्यालयात तो कोण आहे? त्याचा नंबर कुठे लावला आहे? जानेवारी 2016 मध्ये रोहित वेमुला गेला. मे 2019 मध्ये आपल्या जळगावची पायल तडवी गेली. त्याच वर्षी दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं मागणं काही अवघड नव्हतं. जे नियम कागदावर आहेत ते अंमलात आणा, एवढंच होतं. रॅगिंगविरोधी फलक आज बहुतेक महाविद्यालयांच्या गेटवर दिसतो, कारण तो लावला नाही तर संस्था अडचणीत येते. जातिभेदविरोधी फलक दिसत नाही, कारण तो लावला तर 'आमच्याकडे असं काही होत नाही' हा दावा अडचणीत येतो. संस्थेची प्रतिमा सांभाळण्याचं काम जनसंपर्काकडे दिलं की तक्रार करणारं पोरच बदनामी करणारं ठरतं.

माहिती हेही भांडवल आहे

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू या फ्रेंच विचारवंताने 'सांस्कृतिक भांडवल' ही कल्पना मांडली. पैशाखेरीजही घराघरांत एक ठेव असते. कोणाशी कसं बोलायचं, कोणता फॉर्म कधी भरायचा, कोणत्या ओळीचा अर्थ काय. प्राध्यापकाच्या मुलाला ही ठेव जेवणाच्या ताटावर मिळते. कोणत्या अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, केंद्रीय संस्थेसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, हे त्याला कोणी फलकावर लिहून द्यावं लागत नाही. आपल्या बौद्ध मुलांचा दाखला केंद्राच्या नमुन्यात नाही म्हणून ऐन वेळी धावपळ झाल्याची उदाहरणं आम्ही दर वर्षी पाहतो. 1990 मध्ये कायदा बदलून धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. एवढी मोठी लढाई जिंकून पोरगं एका नमुन्यापायी अडकतं.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला वेळेवर, त्याला कळेल अशा भाषेत माहिती देणं ही संस्थेची मेहरबानी नाही. ते तिचं कर्तव्य आहे आणि तोच तिचा खरा जनसंपर्क आहे. बाकी सगळी प्रसिद्धी.

आपला वारसा काय सांगतो?

जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळांच्या परीक्षा पुण्यात जाहीरपणे, लोकांसमोर होत. मुली काय शिकल्या ते कोणीही येऊन पाहावं. आपण ज्याला जनसंपर्क म्हणतो त्याचा याहून प्रामाणिक नमुना आम्हाला माहीत नाही. तिथे कामच लोकांपुढे मांडलं जात होतं.

बाबासाहेबांना प्रसिद्धीची ताकद पुरती कळली होती. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' सुरू झालं तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. ज्यांच्याकडे छापखाना त्यांचीच हाक जगाला ऐकू जाणार, हे ओळखून बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी एकामागून एक पत्रं उभी केली. त्याच माणसाने 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढून वसतिगृहाचं काम हाती घेतलं आणि 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. वर्तमानपत्र आणि शाळा ही त्यांच्या दृष्टीने एकाच कामाची दोन अंगं होती.

आणि आपलं विद्यापीठ? 1 मे 1983 ला सुरू झालेल्या अमरावती विद्यापीठाला आज संत गाडगेबाबांचं नाव आहे. यवतमाळची महाविद्यालयं त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या सोसायटीला दिली. शाळेत न गेलेल्या माणसाने भांडी विका, पण पोरं शिकवा हे कीर्तनातून गावोगाव, लोकांच्याच बोलीत पोहोचवलं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयात सूचना मात्र अशा भाषेत लागतात की वाचणाऱ्याला पुन्हा बाबूलाच विचारावं लागतं.

'मग शाळांनी जाहिरातच करू नये का?'

असं कोणी म्हणेल. आम्ही तसं म्हणत नाही. उलट जिल्हा परिषदेच्या शाळांनी अधिक बोलावं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवतात, हे खासगी कॉन्व्हेंटसाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आपल्या आईबापांना कळायला हवं. कमी पटाच्या शाळा बंद करण्याची किंवा समूह शाळेत गुंडाळण्याची भाषा होते तेव्हा गावाच्या बाजूने उभं राहायला हीच ओळख कामी येते. आमचा विरोध बोलण्याला नाही. जे सोयीचं तेच मोठ्याने बोलायचं आणि जे हक्काचं ते कपाटात ठेवायचं, याला आहे.

थोडं आपल्याही अंगणात पाहू

हे सगळं दुसऱ्यांना ऐकवून थांबलो तर आम्ही अप्रामाणिक ठरू. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याही वस्तीत सत्काराचे फ्लेक्स लागतात. गुणवंतांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे, भाऊंचा फोटो हातभर. सत्कार झाला, पेन आणि पुष्पगुच्छ दिला, फेसबुकवर टाकलं. त्याच मंचावरून महाडीबीटीची एक तारीख कोणी सांगितली का? आणि 45 टक्के घेऊन पास झालेलं पोर, ज्याला आपली सर्वांत जास्त गरज आहे, ते सत्काराच्या यादीत तरी असतं का? बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या काही संस्थांमध्येही खिडकीवरचा अनुभव वेगळा नाही, हे आपण खासगीत बोलतो. ते उघडपणे बोलायला हवं.

करायचं काय?

पहिलं, प्रत्येक महाविद्यालयाकडे लेखी मागणी करा की प्रवेशाच्या खिडकीशेजारी मोठ्या अक्षरात मराठीत एक फलक लावा. शिष्यवृत्ती, फ्रीशिप, स्वाधार, लागणारी कागदपत्रं, शेवटची तारीख, आणि भेदभाव-विरोधी अधिकाऱ्याचं नाव व नंबर. खर्च एका फ्लेक्सचा. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका.

दुसरं, माहितीचा अधिकार वापरा. 2005 च्या कायद्याचं कलम 4(1)(ख) सांगतं की कित्येक बाबी कोणी न मागताच जाहीर करायच्या आहेत. अनुदानित महाविद्यालयाकडे थेट अर्ज करा, विनाअनुदानित असेल तर समाजकल्याण कार्यालयाकडे आणि विद्यापीठाकडे. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. विचारायचं एवढंच : गेल्या वर्षी अनुसूचित जाती-जमातीचे किती अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला अडकून राहिले आणि का?

तिसरं, शाळेचा निकाल विचारताना टक्का विचारू नका. आठवीत किती होते आणि दहावीला किती बसले ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, त्यांनी हा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं. दहावीच्या निकालापासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रत्येक विहारात रविवारी एक टेबल लावा. दोन शिकलेली पोरं, एक मोबाइल, एक वही. कोणाचा उत्पन्नाचा दाखला राहिला, कोणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, कोणाचा अर्ज कुठे अडकला. वंदना झाली की अर्धा तास याच कामाला द्या. आणि टेबल फक्त आपल्यासाठी ठेवू नका. कोलाम, गोंड, पारधी, बंजारा, शेतकऱ्याचं पोर, जो येईल त्याचा अर्ज भरा. जिल्ह्यात 16 तालुके आहेत. तालुक्यात अशी पाच टेबलं लागली तरी त्या दिवशी बसस्टँडवरून परत गेलेल्या दोघांसारखी कित्येक पोरं थांबवता येतील.

'शिका' हा शब्द आपण रोज उच्चारतो. तो ऐकून पोर महाविद्यालयाच्या गेटपर्यंत येतं. गेटपासून खिडकीपर्यंतचं अंतर मात्र त्याला एकट्याने कापावं लागतं. या जूनमध्ये ते एकटं नसेल, एवढी तजवीज आपण करू शकतो. या वर्षी फलकासमोर फोटो काढण्याआधी खिडकीसमोर उभे राहू.

जय भीम!